अध्यक्ष, व्यवस्थापक आणि तंत्रज्ञ



एखादी संस्था नावारूपाला आली की तिचे श्रेय बहुधा एकाच व्यक्तीच्या खात्यावर जमा होते. ते सोयीचेही असते, कारण पुतळा एकाचाच उभारता येतो. परंतु कोणताही मोठा उद्योग प्रत्यक्षात चालतो तो दोन-चार जबाबदार माणसांनी आपापसांत केलेल्या कामाच्या वाटणीवर. ही वाटणी कशी होते, कशी टिकते आणि कोठे ढिली पडते, हे पाहावयाचे झाल्यास आणंद येथील खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचा, म्हणजेच ‘अमूल’चा, इतिहास अभ्यासण्याजोगा आहे. संघ स्थापन झाला तेव्हा खेडा जिल्हा मुंबई प्रांतातच होता व संघाचे पहिले मोठे गिऱ्हाईक मुंबई शहर हेच होते. त्यामुळे हा इतिहास महाराष्ट्राला परका नाही.

१९४५ साली मुंबईच्या दूधपुरवठ्याची सरकारी योजना सुरू झाली. आणंदहून दूध पाठविण्याचे काम एका खाजगी डेअरीकडे होते. मुंबईत मिळणारा दर आणि उत्पादकाच्या हाती पडणारा दर यांतील तफावत मध्यस्थांच्या पदरात जात असे. सरदार वल्लभभाई पटेल यांनी शेतकऱ्यांना स्वतःचीच संस्था काढण्याचा सल्ला दिला. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत सभा झाली, त्यानंतर शेतकऱ्यांनी दूध घालणे बंद केले आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी संघाची नोंदणी झाली. १९४८ साली काम सुरू झाले तेव्हा दोन गावांच्या संस्था व दिवसाकाठी सुमारे अडीचशे लिटर दूध, एवढाच पसारा होता.

या संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल हे स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले गांधीवादी कार्यकर्ते. यंत्रांचे ज्ञान त्यांना नव्हते व तसा आवही त्यांनी आणला नाही. गावोगाव हिंडून प्राथमिक संस्था उभारणे आणि सभासदांचा विश्वास सांभाळणे हे त्यांनी आपले काम मानले. व्हर्गीस कुरियन हे केरळचे अभियंते. सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात शिकून आल्यावर १९४९ साली त्यांची नेमणूक आणंदच्या सरकारी क्रीमरीत झाली. ते गाव त्यांना मुळीच रुचले नव्हते. सुटका केव्हा होते याचीच ते वाट पाहत होते. संघाची जुनी यंत्रे वारंवार बंद पडत आणि त्रिभुवनदास मदतीसाठी त्यांच्याकडे येत. डागडुजीवर पैसा घालविण्यापेक्षा नवी यंत्रे घ्या, असे कुरियन यांनी सुचविले. त्रिभुवनदासांनी पैशाची तजवीज केली. पुढे कुरियन सरकारी नोकरीतून मोकळे झाले तेव्हा, नवी यंत्रे बसेपर्यंत तरी थांबा, अशी गळ त्यांनी घातली. कुरियन जे थांबले ते कायमचेच.

येथे क्षणभर थांबण्याजोगे काही आहे. हा माणूस परप्रांतीय होता, परधर्मीय होता, गुजराती भाषेशी त्याचा संबंध नव्हता. जिल्ह्यातील कोणत्याही पुढाऱ्याचा तो नातलग नव्हता. आपल्याकडे व्यवस्थापक निवडताना पुष्कळदा जी पहिली चौकशी होते, तीत तो पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

तिसरे हरिचंद दलाया. डेअरी तंत्रज्ञानाचे हे जाणकार म्हणजे कुरियन यांचे मिशिगनमधील स्नेही. ते आणंदला भेटीसाठी आले आणि कुरियन यांनी त्यांना ठेवून घेतले. त्यांचे नाव आजही फार थोड्यांना ठाऊक आहे.

या तिघांची खरी परीक्षा झाली ती हिवाळ्यातील जादा दुधाने. म्हैस हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा कितीतरी अधिक दूध देते. मुंबईची गरज मात्र बारमाही सारखीच असते. त्यामुळे ऐन सुगीत सभासदाला दूध परत न्यावयास सांगण्याची पाळी येई. आज ज्याचे दूध परत गेले तो उद्या व्यापाऱ्याच्या दारात उभा राहणार आणि उन्हाळ्यात संघाला दूध मिळणार नाही, हे त्रिभुवनदासांना गावांत फिरून कळत होते. यावर तोडगा एकच, जादा दुधाची भुकटी व लोणी करणे. परंतु म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असल्याने त्याची फवारा पद्धतीने भुकटी होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ ठामपणे सांगत. दलाया यांनी ती होते हे सिद्ध केले. ‘युनिसेफ’ने यंत्रसामग्री दिली, शासन, पुरवठादार व बाजारपेठ यांच्याशी बोलणी करण्याचा भार कुरियन यांनी उचलला. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले.

अध्यक्षांनी प्रश्न ओळखला, तंत्रज्ञाने उत्तर शोधले, व्यवस्थापकाने ते उभे केले. सभासदाने आणलेले दूध परत जाता कामा नये, या एका उद्दिष्टावर तिघांचे एकमत होते. एरवी स्वभावाने ते एकमेकांहून अगदी भिन्न होते. कुरियन यांची भाषा फटकळ, त्रिभुवनदास शांत व मितभाषी. एकत्र काम करणाऱ्यांचे स्वभाव जुळावे लागतात हा समज या उदाहरणाने तरी खरा ठरत नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ अन्वये संस्थेचे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे आहेत आणि कलम ७३ अन्वये व्यवस्थापन समितीकडे. समितीने शिपायाच्या बदलीवर तासभर चर्चा करावी, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. तरीही अनेक संस्थांच्या बैठकीची विषयपत्रिका पाहावी, तर नेमणुका, रजा, वाहनदुरुस्तीची देयके यांनी पाने भरलेली असतात आणि पुढील हंगामात माल वाढला तर काय करावयाचे, हा प्रश्न ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात जाऊन पडतो. याचा दुसराही परिणाम होतो. ज्याच्या हाती निर्णयच ठेवलेला नाही त्या व्यवस्थापकाकडे जाब मागता येत नाही, आणि होतकरू माणूस अशा जागी फार काळ राहतही नाही.

उलट उदाहरणे आपल्याकडेही आहेत. त्याच काळात, त्याच मुंबई राज्यात, अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला. गावे फिरून भागभांडवल गोळा करणारे विठ्ठलराव, परंतु पहिले अध्यक्षपद त्यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे दिले. स्वतःचे शालेय शिक्षण बेताचे आहे हे जाणणाऱ्या माणसाने, हिशेब व धोरण जाणणाऱ्या माणसाला शोधून वरच्या खुर्चीवर बसविले, याला मोठे मन लागते.

संचाची बांधणी जितकी अवघड तितकीच त्याची सांगताही अवघड असते. त्रिभुवनदास १९७० नंतरच्या काळात अध्यक्षपदावरून स्वेच्छेने बाजूला झाले व सभासदांनी कृतज्ञतेने अर्पण केलेली थैली त्यांनी ग्रामीण स्त्रिया व बालकांच्या आरोग्यकार्यासाठी दिली. ग्रामीण संस्थांसाठी व्यवस्थापक घडवावेत म्हणून १९७९ साली आणंद येथे ‘इर्मा’ ही संस्था निघाली. कुरियन यांचे निघणे मात्र इतके सरळ झाले नाही. गुजरात सहकारी दूध विपणन महासंघाचे अध्यक्षपद १९७३ पासून सांभाळल्यावर, सदस्य संघांच्या प्रमुखांशी मतभेद होऊन, २००६ साली त्यांनी राजीनामा दिला. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते.