बरे न झालेल्यांची साक्ष



अध्यक्षाने गोड बोलावे अशी रीत आहे. ती आज मी मोडणार आहे. पिंपळे सौदागरमधल्या आपल्या कितीतरी घरांत नैराश्याची गोळी घेतली जाते आणि रविवारी ती लपवली जाते. कुणापासून? आपल्यापासून. प्रार्थनेला शेजारी बसणाऱ्या माणसापासून.

इथली शेते गेली, टॉवर आले. हिंजवडीची रात्रपाळी, चाकणचे कंत्राटी काम, घराचा हप्ता, आणि आईबाप तिकडे नगर-जालन्याकडे. माणूस खचतो, पाळकांकडे जातो. तिथे ऐकतो, विश्वास कमी पडतोय, उपास-प्रार्थना कर. एखाद्या चंगाई सभेत तर त्याच्या आजाराला अशुद्ध आत्मा ठरवून गोळ्या फेकून द्यायला लावतात. याला मी सेवा म्हणणार नाही. ही औषधे एकाएकी तोडली की आजार उसळतो, प्रसंगी जीव जातो. तेव्हा तो वक्ता दुसऱ्या गावच्या सभेत असतो, घरी रडत बसते ती आई. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हातात पवित्र शास्त्र धरल्याने तो गुन्हा माफ होत नाही.

शास्त्राचा आधार सांगता? मग पूर्ण वाचा. एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला प्रवचन दिले नाही. खायला-प्यायला दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला घातले. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारात संपते, तरी ते शास्त्रातून कुणी काढले नाही. पौलाने तीनदा विनवणी केली आणि काटा तसाच राहिला. पौलाचा विश्वास तोकडा होता असे म्हणण्याची कुणाची छाती आहे?

आता लेखकांनो, तुमच्याकडे येतो. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आपण अभिमानाने मिरवतो. त्याची सुरुवातीची पाने आठवा. 1857 नंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात चालेना. घरभर पसरलेला तो जाच लक्ष्मीबाईंनी लिहिला, आणि बापाला हिणवले नाही. 1895 मध्ये पती टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर आपल्यावर काय कोसळले, तेही त्यांनी झाकले नाही. मराठी ख्रिस्ती गद्याचा आपला सर्वांत मोठा ठेवा मनाच्या आजाराला उंबऱ्याबाहेर ठेवत नाही. आणि आपल्या स्मरणिका? मी आजारी होतो, प्रभूने बरे केले. तीच साक्ष, दरवर्षी. ज्याला अजून आवाज ऐकू येतात, जी बायपोलर आजार घेऊन संडे स्कूल चालवते, त्यांना माईक मिळत नाही. ज्यांची देवाशी सर्वांत प्रामाणिक झुंज चालू आहे, त्यांनाच आपण गप्प बसवले आहे.

दफनाबद्दलही बोललेच पाहिजे. आत्महत्या केलेल्याला ख्रिस्ती दफन नाकारण्याची तरतूद कॅथलिक चर्चने 1983 च्या धर्मसंहितेतून वगळली. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले आणि त्याला उपचार देणे सरकारचे कर्तव्य ठरवले. रोम बदलले, दिल्ली बदलली. आपण मात्र अजून दफनभूमीच्या फाटकाशी कुजबुजतो, आणि मेलेल्याच्या बहिणीला ते ऐकू जाते.

म्हणून मी ठराव मांडतो. औषध थांबवायला सांगणाऱ्या वक्त्याला आपल्या कुठल्याही मंडळीत व्यासपीठ मिळू नये. चर्चच्या फलकावर प्रार्थनेच्या वेळांशेजारी टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक लागावा. पुढची स्मरणिका बरे न झालेल्यांच्या हाती द्यावी. त्यांना हवे ते लिहू द्यावे, आणि संपादकांनी शेवटी विजयाचे वाक्य जोडू नये. समोर बसलेल्या पाळकांपैकी कुणाचा विरोध असेल, त्यांनी आत्ताच पुढे यावे. माईक मी त्यांच्या हाती देतो.