काळं ऑईल जाळू नका

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘पर्यायी इंधनं : काल, आज आणि उद्या’. पत्रिका देखणी आहे. मी मात्र गाड्यांच्या जुन्या ऑईलवर बोलणार आहे. (हशा) माझा धंदा डिझेलचे पंप आणि नोझलं दुरुस्त करण्याचा. पुढारी सत्कारात भेटतात, इंजिनं मला बिघडल्यावर भेटली.

रुडॉल्फ डिझेल, १९०० सालचं पॅरिसचं प्रदर्शन, शेंगदाण्याच्या तेलावर चाललेलं इंजिन, हे तुम्ही शाळेत वाचलंय, ते सोडून देतो. त्यातून आपण एवढंच लक्षात ठेवलं, की डिझेल इंजिनाला काहीही पाजा. ऑईल बदलताना चेंबरमधून काळं ऑईल निघतं. त्यात उष्णता जवळपास डिझेलइतकीच असते. मग ते टाकीत का ओतू नये? हिशेब सोपा वाटतो.

कृष्णाकाठी एक आण्णा होते. विहिरीवर ६५० फेऱ्यांचं लिस्टर टाइप इंजिन, दोन्ही बाजूंना भलीमोठी चाकं, हँडल मारून सुरू व्हायचं. भारनियमनाच्या दिवसांत डिझेल परवडेना, म्हणून आण्णा गॅरेजमधून काळं ऑईल आणायचे, जुन्या धोतराची चौपदरी घडी करून गाळायचे आणि डिझेलमध्ये मिसळायचे. मला मुद्दाम दाखवायला नेलं. “चालतंय की वो मिस्त्री!” चालत होतं. खोटं कशाला बोलू? धूर निळसर, वास उग्र, पण पाटाला पाणी होतं.

मी खिशातला टिपकागद काढला आणि गाळलेल्या ऑईलचा एक थेंब त्यावर टाकला. काळा डाग कडेपर्यंत एकसारखा पसरला. धोतरानं काड्या अडवल्या, पाकोळ्या अडवल्या, काजळी सुटली. ती मायक्रॉनपेक्षाही बारीक, आणि ती तळाशी बसू नये म्हणून कंपनीनं ऑईलमध्ये मुद्दाम औषध घातलेलं असतं. शिवाय त्यातलं कॅल्शियम आणि जस्त कुठल्याच कापडाला अडत नाही. ते जळल्यावर राख होते. पुढं त्याच इंजिनाचं हेड उघडलं, तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर करड्या राखेची खपली होती, नखानं निघेना. आण्णा म्हणाले, “त्यात काय, खरवडा.” त्या इंजिनाला खरवडणं पुरलंही.

खरी गंमत पुढं झाली. थोरल्यानं ट्रॅक्टर घेतला आणि आण्णांनी प्रेमानं तेच मिश्रण त्याच्या टाकीत ओतलं. (हशा) हसू नका, पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. पंप माझ्या टेबलावर आला. प्लंजर आणि बॅरल यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची, आपला केस साधारण सत्तर. त्या फटीत तपकिरी राळ धरलेली. प्लंजर बोटानं सरकायला हवा, तो हातोडीनंही हलेना. डिझेलची जाडी ४० अंशांला दोन ते साडेचार सेंटिस्टोक, पंधरा-चाळीस ग्रेडच्या इंजिन ऑईलची शंभराच्या वर. नोझलानं फवारा मारायचा, त्याऐवजी धार पडते. धार जळत नाही, पिस्टनच्या डोक्यावर कोळसा होऊन बसते.

तिसऱ्या रांगेतून कोणी म्हणतंय, कमिन्सनं हे केलंय. केलंय, मान्य. खाणीतल्या मोठ्या डंपरांसाठी त्यांची अशी व्यवस्था होती. चेंबरमधलं ऑईल थोडं थोडं डिझेलमध्ये जातं आणि तेवढंच ताजं ऑईल भरलं जातं. पण ते त्याच इंजिनाचं ऑईल, मोजून, अगदी किंचित, आणि फिल्टरमधून गेलेलं. गॅरेजच्या पिंपात दहा गाड्यांचं ऑईल असतं, कूलंट असतं, ब्रेक ऑईल असतं, पावसाचं पाणी असतं. शिवाय १ एप्रिल २०२० नंतरची तुमची बीएस-सहा गाडी! तिच्या डिझेलात गंधक लाखात एका भागाहून जास्त चालत नाही. सायलेन्सरमधल्या फिल्टरमध्ये काजळी जळून जाते, राख जळत नाही. तो फिल्टर चोंदला की बिल बघून आण्णांचं इंजिन आठवेल.

नाही, मी डिझेल विकणाऱ्यांचा माणूस नाही. (हशा) माझं म्हणणं वेगळंच आहे. तेल झिजत नाही हो, मळतं. धोतर मळलं म्हणून कोणी चुलीत घालत नाही. पाणी उडवायचं, हलके भाग काढायचे, निर्वात भट्टीत ऊर्ध्वपातन करायचं, वरून शुद्धीकरण, की पुन्हा मूळ तेल हाती येतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा हिशेब ऐका : १५९ लिटरच्या कच्च्या तेलाच्या बॅरलमधून वंगणाचं तेल निघतं जेमतेम २.४ लिटर. तेवढंच तेल ३.८ लिटर जुन्या ऑईलमधून निघतं. आणि आपण ते सेंट्रिंगच्या प्लेटांना फासतो, कुंपणाच्या खांबांना लावतो, नाहीतर वीटभट्टीत…

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे’. अध्यक्षांचा समारोप व्हायचाय, समजलं. जुनं ऑईल आम्लानं साफ करण्याच्या प्रक्रियेचं सांगायचं होतं, त्यात उरणाऱ्या गाळाचंही, ते राहिलं.

कायदा आहे. जुनं ऑईल धोकादायक कचऱ्यात मोडतं, ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ही जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. पण पिंप गॅरेजच्या मागच्या दारानं जातं. काही ठिकाणी तेच ऑईल रंग उतरवून, नामांकित कंपनीच्या डब्यात भरून पुढच्या दारानं परत येतं. म्हणून पुढच्या वेळी ऑईल बदलाल तेव्हा समोर उभे राहा, पिंप कोण नेतं ते मालकाला विचारा, आणि ऑईलचा रिकामा डबा खिळ्यानं भोक पाडल्याशिवाय भंगारवाल्याला देऊ नका.