वर्तनामागील कारणाचा शोध

(वार्षिक सर्वसाधारण सभेत वर्तन-साहाय्य विभागाच्या वतीने केलेल्या निवेदनाचा मजकूर)



आमच्या विभागात पाहुण्यांना दाखविण्याजोगे फारसे काही नाही. एक खोली, सतरंजी, चित्रांची कार्डे आणि पालकांनी लिहिलेल्या शंभरपानी वह्या, एवढाच पसारा. म्हणून आज एका मुलाची हकीकत आपणापुढे मांडतो. आईवडिलांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून ती सांगत आहोत.

मुलगा पंधरा वर्षांचा. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता, वाचा नाही. दिवसातून अनेकदा तो स्वतःच्या डाव्या गालावर बुक्के मारून घेई. आई त्याचे हात ओढणीने बांधून त्याला घेऊन आली. "ह्याला झोप येईल असं काहीतरी द्या, डॉक्टर. आम्ही घरात कोणीच झोपलेलो नाही," एवढेच ती म्हणाली. या मागणीला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही.

अशा वर्तनाला वेड किंवा हट्ट मानण्याची पद्धत जुनी आहे. १९८२ साली ब्रायन इवाटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांचे पद्धतशीर निरीक्षण केले, तेव्हा सर्वांचे कारण एकच नसल्याचे दिसले. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी मुलांना मदत वा कौतुक मागण्याचे साधे शब्द शिकविले आणि त्रासदायक वर्तन ओसरले. जे बोलता येत नाही ते मूल हातपायांनी सांगते, हे सूत्र आम्ही येथे पाळतो.

पाळतो म्हणताना एक कबुली द्यावयास हवी. काम सांगितले की हा मुलगा मारून घेतो, असे आम्हांला पहिल्याच भेटीत दिसले. काम टाळण्यासाठीच तो हे करतो, असा निष्कर्ष काढून आम्ही दोन आठवडे कामाचे लहान लहान टप्पे पाडीत बसलो. उपयोग शून्य. मग आईची वही नीट वाचली. वेळ, आधी काय घडले, त्याने काय केले, नंतर घरच्यांनी काय केले, असे चार रकाने. नोंदींची गर्दी जेवणानंतर आणि रात्री. गाल नेहमी डावाच. दंतविभागाने भूल देऊन तपासले, तेव्हा डावीकडची खालची दाढ किडून पोखरलेली आढळली. ती काढल्यावर बुक्के निम्म्याहून कमी झाले. दात, कान, बद्धकोष्ठता, अपस्मार यांची तपासणी आधी व्हावी, हे आम्हीच इतरांना शिकवितो; आणि पहिल्या दिवशी पाहावयाचे ते आम्ही पंधराव्या दिवशी पाहिले. त्या दिवसांत त्याने काय सोसले असेल, हे तो कधी सांगू शकणार नाही.

उरलेले बुक्के कशाचे? कुकरची शिट्टी आणि घरातली गर्दी. मारून घेतले की आजी बिस्कीट देऊन त्याला गॅलरीत नेई. मायेपोटीच, पण त्यामुळे बुक्के हीच त्याची भाषा ठरली. आम्ही त्याला गॅलरीच्या चित्राचे कार्ड दिले. कार्ड हाती दिले की तत्क्षणी बाहेर, हा नियम. बुक्क्यांना प्रतिसाद थांबला, तेव्हा पहिले काही दिवस ते वाढले. बहुतेक कुटुंबे येथेच धीर सोडतात आणि नेमक्या याच दिवसांत आमचा माणूस त्यांच्या घरी हवा असतो. आता त्याचे हात बांधावे लागत नाहीत. वाईट दिवस अजूनही येतात.

औषधांना आमचा विरोध नाही. काही मुलांना रिस्पेरिडोनसारख्या औषधाने आराम पडतो. वजन मात्र वाढू शकते, म्हणून मनोविकारतज्ज्ञांची देखरेख लागते. पालकांसाठी एक सूचना: १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील 'निरामय' योजनेत स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. अर्ज भरण्यास आमचे समाजसेवक साहाय्य करतील.

देणगीदारांकडे आमची मागणी इमारतीची नाही. घरभेटी देणाऱ्या आणखी एका प्रशिक्षित कार्यकर्त्याचे वेतन हवे आहे. वेतनावर नावाची पाटी लावता येत नाही, ही अडचण आम्ही जाणतो.

त्या आईने भरलेल्या तीन वह्या नावाची पाने काढून दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. चहाच्या वेळी त्या अवश्य चाळाव्यात.