मापाची सायकल की तयार सायकल?



वसंत व्याख्यानमालेच्या फलकावर आजच्या तारखेपुढे 'सायकल' हा शब्द वाचून काही मंडळी बुचकळ्यात पडली असतील. काल याच जागी संतवाङ्मय झाले, उद्या राज्यघटना आहे, आणि मध्ये ही दोन चाके! चिटणीसांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आमच्या डोक्यात दुसरे काही नव्हतेच. तसे होण्याला एक गृहस्थ कारण झाले, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

गेल्या दिवाळीनंतर हे गृहस्थ आमच्याकडे आले. नुकतेच निवृत्त झालेले, वय साठीच्या आसपास, गुडघे अजून धड. हाती फंडाचे पैसे आलेले. म्हणाले, "एक सायकल घ्यायची म्हणतोय बघा. टायटॅनियमची. डांबरावर चालेल, पाणंदीतून चालेल, मुरमावर चालेल अशी. आता एकदाच घ्यायची. परत काय आपल्याच्यानं होणार? तेवढं सांगा, तयार फ्रेम घेऊ की अंगाच्या मापाची करून घेऊ?" मापाचा छापील अर्ज त्यांनी भरूनही आणला होता. फक्त आम्ही मान हलवायची बाकी होती.

नुसत्या फ्रेमलाच लाखांत पैसे मोजावे लागतात. त्यावर वाहतूक, आयातशुल्क, चाके, ब्रेक, गिअर. निवृत्त माणसाने एवढी रक्कम एका वस्तूत घालणे ही थट्टेची गोष्ट नव्हे. आम्ही मान हलवली नाही. का हलवली नाही, तेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम या धातूविषयी थोडे. टायटॅनियम म्हटले की विमाने आणि अग्निबाण आठवतात. पण आपल्या घराच्या भिंतीला जो पांढराशुभ्र रंग लागतो त्यातही त्याचेच संयुग असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते, तिच्यात इल्मेनाइट नावाचे खनिज आहे, आणि टायटॅनियम त्यातूनच निघते. म्हणजे घाट उतरला की कच्चा माल पायाखाली! अडचण आहे ती खनिजातून धातू वेगळा काढण्याची. हे मूलद्रव्य 1791 मध्ये सापडले, पण मोठ्या प्रमाणावर धातू काढण्याची रीत क्रोल या शास्त्रज्ञाने बसवली ती 1940 च्या सुमारास. आपल्या देशात केरळातील चवरा येथे असा धातू काढण्याचा कारखाना 2011 मध्ये सुरू झाला. यावरून तो महाग का, हे ध्यानात येईल.

सायकलीच्या नळ्यांत बहुधा शेकडा 3 भाग ॲल्युमिनियम, अडीच भाग व्हॅनेडियम आणि बाकी टायटॅनियम असे मिश्रण असते. पोलादाच्या मानाने याचे वजन निम्म्याहून थोडे अधिक, पाण्याच्या साडेचारपट. पोलाद पाण्याच्या पावणेआठपट भरते. ताठपणाही पोलादाच्या जवळजवळ निम्मा, म्हणून नळ्या जाड व्यासाच्या घ्याव्या लागतात. गंज मात्र नावालाही चढत नाही, रंग लावावा लागत नाही. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी अंगावर घेतला आहे त्यांना या गुणाचे मोल सांगायला नको.

पण याच धातूचा एक स्वभाव आहे. तो ऐकत नाही.

कोल्हापुरात ही गोष्ट समजावून देणे सोपे आहे. आपण चपला करायला टाकतो. कारागीर कागदावर पाऊल ठेवायला सांगतो, भोवती पेन्सिल फिरवतो. चप्पल येते, आठ दिवस चावते, आपण तेल पाजतो, आणि मग ती पायाचे ऐकू लागते. मापात गहू-दोन गहू चूक असली तरी कातडे ती पोटात घालते. पोलादी फ्रेमही थोडीफार ऐकते. वाकलेली नळी सरळ करणारे, तुटलेला जोड पितळ ओतून सांधणारे मिस्त्री आपण पाहिले आहेत. टायटॅनियम वाकवू गेले तर स्प्रिंगसारखे परत येते. जोड उकलला तर ते काम रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याचे नाही. हा धातू तापला की हवेतला प्राणवायू आणि नत्रवायू शोषतो आणि ठिसूळ होतो. म्हणून वेल्डिंग करताना बाहेरून आणि नळीच्या आतूनही आर्गॉन वायू खेळता ठेवावा लागतो. उद्यमनगरची मंडळी समोर बसली आहेत म्हणून सांगतो: जोड चांदीसारखा किंवा फिकट सोनेरी असला तर समजावे की काम चोख आहे. करडा किंवा पांढुरका भुकटी धरल्यासारखा दिसला तर ती फ्रेम फुकट मिळाली तरी घेऊ नये.

तेव्हा अशी फ्रेम बरोबर मापाची असली तर तीस वर्षे टिकेल. चुकीच्या मापाची असली तरीही तीस वर्षे टिकेल! आमचा मुद्दा आहे तो हाच.

हे आम्ही पुस्तकातले सांगत नाही. आमची स्वतःची पहिली टायटॅनियमची फ्रेम मापाचीच होती. अर्जात पायांची लांबी, धडाची लांबी, हातांची लांबी, खांद्यांची रुंदी असे रकाने होते. भिंतीला पाठ लावून, शिंप्याकडून आणलेल्या टेपने घरीच मापे घेतली. शेवटी एक प्रश्न होता: तुम्हाला कसे बसणे आवडते? तिथे आम्ही लिहिले, शर्यतीतल्यासारखे, वाकून. त्या वेळी तसे बसत होतो हे खरे. आणि तसेच बसत राहू असा भ्रम होता हेही खरे. फ्रेम आली. लिहून दिल्याप्रमाणे रेसभरही चूक नव्हती. चौथ्या वर्षी मानेचे दुखणे लागले, डॉक्टरांनी हँडल वर घ्या म्हणून सांगितले, आणि कळले की पुढची नळी इतकी आखूड करवून घेतली आहे की हँडल वर घ्यायला जागाच नाही. शेवटी वर वळलेला एक लांबडा स्टेम बसवला. तेव्हापासून त्या सायकलीला आमची नातवंडे जिराफ म्हणतात. दोष कारागिराचा नव्हता. आमचे माप आम्हालाच ठाऊक नव्हते.

माप म्हणजे केवळ इंच नव्हेत. खासबागेच्या मैदानात दोन पैलवान सारख्याच उंचीचे उभे करा. एकाचे पाय लांब आणि धड आखूड, दुसऱ्याचे उलटे. टेप हा फरक सांगेल. पण कोणाची कंबर किती वाकते, तीन तासांनंतर कोण खांदे टाकतो, कोणाचा डावा गुडघा बाहेर जातो, हे टेप सांगत नाही. ते मैलांनी कळते.

आता तयार फ्रेमची बाजू. आमच्या पिढीला तयार म्हणजे काय हे चांगले आठवते. काळी सायकल, बावीस इंची नाही तर चोवीस इंची. माणूस कसाही असो, सायकल हीच. भाड्याच्या दुकानातून तासावर सायकल घेऊन दांडीखालून पाय घालून ज्यांनी रंकाळ्याला फेऱ्या मारल्या, असे या सभेत निम्मे तरी असतील. ती सायकल आमच्या मापाची नव्हती; आम्हीच तिच्या मापाचे होत गेलो. त्या आठवणीमुळे 'तयार' या शब्दाविषयी मनात एक अढी राहते, आणि हाती पैसे आले की माणूस 'मापाची' म्हणतो. गृहस्थांचेही तेच झाले होते.

पण ती अढी आता जुनी झाली. आज बऱ्या कारखान्याची खडीवरची सायकल पाच-सहा किंवा त्याहून अधिक मापांत मिळते. लागोपाठच्या दोन मापांत हँडलच्या अंतराचा फरक बहुधा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा. त्यावर स्टेम सात सेंटिमीटरपासून अकरापर्यंत हवा तो लावावा, सीट वरखाली आणि पुढेमागे करावी, हँडल रुंद-अरुंद घ्यावे, क्रँक आखूड घ्यावी. एवढ्या फेरफारात बहुतेक माणसे बसतात. आणि हे सारे फेरफार उद्या पुन्हा बदलता येतात.

आणि अंगाला सुख म्हणाल, तर ते फ्रेमपेक्षा टायरात अधिक आहे. येथे एक इतिहास सांगण्याचा मोह होतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिकवण्याचे काम करीत आणि तेथून सायकली बेळगावला धाडीत; त्यांचे बंधू रामुअण्णा त्या विकीत, आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवीत. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ 1888 सालच्या त्या सायकलीच्या दुकानापासून धरतात. त्याच 1888 साली तिकडे डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. नांगर, पंप, इंजिने हे सगळे पुढचे. आम्हाला यात गंमत वाटते ती ही की, सायकल विकणाऱ्याने बसायलाही शिकवावे असे त्यांना वाटले. आज फ्रेम विकणारे पुष्कळ आहेत, बसायला शिकवणारे थोडे.

असो. चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरचा टायर, त्यात तीस-पस्तीस पौंड हवा, एवढे झाले की राधानगरी-दाजीपूरकडचा जांभ्याचा रस्ता हाडांना जाणवेनासा होतो. तेव्हा फ्रेम पाहताना धातूच्या आधी पाहावे की मागच्या चाकाभोवती जागा किती आहे. पंचगंगेकाठची काळी माती पावसात टायरला धरली की चिमट्यात आणि मागच्या नळ्यांत चिकटून चाक जाम होते. ऊसतोडीच्या दिवसांत पाणंदीतून ट्रॅक्टरमागे गेलेल्याला हे सांगावे लागत नाही.

तर मग मापाची फ्रेम कोणासाठीच नाही काय? तसे मुळीच नाही. आमच्याबरोबर सायकलवर येणाऱ्या एक शिक्षिका आहेत. उंची पाच फुटांच्या आत. तयार सायकलींतले सर्वांत लहान माप त्यांना मोठे. हँडल धरायला पुढे ओणवे व्हावे लागे, हात अवघडत. आणि घाटातल्या अरुंद वळणावर पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागे. असे का होते? कारखानदार फ्रेम लहान करतात पण चाके तीच मोठी ठेवतात. मग पायडल आणि चाक यांत अंतर उरत नाही. आंब्याच्या घाटात त्या एकदा याच कारणाने पडल्या, मनगट मोडले. आखूड स्टेम, आखूड क्रँक, सगळे करून पाहिले होते. त्यांना आम्हीच म्हटले, तुम्ही मापाची करा, आणि चाकेही लहान घ्या. त्यांनी केली. अतिशय उंच माणसे, अतिशय ठेंगणी माणसे, हातापायाला जुनी इजा असलेली माणसे, भारी देहाचे पैलवान, यांना मापाची फ्रेम ही चैन नव्हे. तयार मापांचे कोष्टक करणाऱ्याने त्यांना धरलेलेच नसते. त्यांत स्त्रिया अधिक असतात, हेही उघड बोलायला हवे.

शिक्षिकाबाईंचा अर्ज आम्ही पाहिला होता. त्यात त्यांनी आपल्या इच्छा लिहिल्या नव्हत्या. आजच्या सायकलीवर सीट कोठे आहे, हँडल कोठे आहे, कोणत्या मैलानंतर काय दुखते आणि कोणता भाग किती सरकवला तर थांबते, एवढेच लिहिले होते. कारागिरानेही उलट दोनदा प्रश्न विचारले, बसलेल्या स्थितीतली छायाचित्रे मागवली. जो कारागीर प्रश्न विचारीत नाही, नुसते आकडे घेतो आणि आगाऊ रक्कम मागतो, त्याच्यापासून दूर राहावे. चीनमध्ये बाओजी आणि शीआन या भागांत टायटॅनियमचे कारखाने पुष्कळ आहेत आणि तेथून मापाची फ्रेमही तयार फ्रेमच्या आसपासच्या किमतीत येऊ लागली आहे. त्यामुळे निवड आता पैशाची राहिलेली नाही. हा मोह उलट वाढलेला आहे. वाट काही महिने पाहावी लागते, परत घेत नाहीत, आणि पुढे विकायची म्हटली तर आपल्याच अंगाचे दुसरे गिऱ्हाईक शोधावे लागते.

कोणी म्हणेल, कोल्हापूरकराला तुम्ही तयार घ्या म्हणता? याच गावात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा हाताने घडवला. घडवला, हे आम्हा सर्वांच्या अभिमानाचे आहे. पण आनंदराव आणि बाबूराव या दोघा भावांनी तो ध्यास घेतला, आनंदराव 1916 मध्ये वारले, कॅमेरा पुरा झाला 1918 मध्ये आणि 'सैरंध्री' आली 1920 मध्ये. आपल्याला काय हवे आहे हे कळण्यात त्यांची वर्षे गेली होती. आमच्या गृहस्थांनी अर्ज एका संध्याकाळी भरला होता.

त्यांना आम्ही विचारले, शेवटचे सायकलवर कधी बसलात? म्हणाले, "नोकरीला लागलो तेव्हा." पस्तीस वर्षे झाली! मग त्यांच्या आजच्या अंगाचे माप कोणाजवळ होते? आम्ही त्यांना आमचा जिराफ दिला नाही; मंडळातल्या एकाची साधी पोलादी सायकल दिली, दोन स्टेम आणि एक वही दिली. रोज किती गेलो आणि काय दुखले, एवढे वहीत लिहायचे. पहिल्या आठवड्यात वहीत 'सर्व' एवढाच शब्द होता. माघ सरेपर्यंत पन्हाळ्याला जाऊन येऊ लागले. हँडल पहिल्यापेक्षा दोन बोटे वर गेले, सीट बोटभर खाली आली, आणि अर्जातला निदान एक आकडा साफ चुकीचा होता हे त्यांनी स्वतःच दाखवून दिले. फाल्गुनात त्यांनी तयार मापातली टायटॅनियमची फ्रेम घेतली, मधल्या मापाची. उरलेल्या पैशांत चांगली चाके घेतली. अर्ज त्यांनी फाडला नाही, वहीत ठेवला आहे. दोन पावसाळ्यांनी पुन्हा काढून बघू म्हणतात.

त्यांची सायकल आणि शिक्षिकाबाईंची सायकल अशा दोन्ही आज सभागृहाच्या आवारात उभ्या केल्या आहेत. अध्यक्षमहाराजांचे भाषण झाल्यावर ज्यांना बसून पाहावयाचे आहे त्यांनी खुशाल पाहावे. सीट वरखाली करायचा पाना सीटखालच्या पिशवीत आहे. बाईंच्या सायकलीची सीट मात्र कृपा करून हलवू नये.