शिलाईतली माया

मी शिंप्याचा मुलगा. तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडमागच्या बोळात अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पायमशीन, कापड बेतायला एक फळी आणि खुंटीला अडकवलेला टेप. आज मला बोलायचं आहे ते मात्र कॉम्प्युटरबद्दल, आणि तोही गेम खेळायच्या कॉम्प्युटरबद्दल. कवीनं या विषयात कशाला पडावं, असं तुम्हाला वाटेल. मीही आपण होऊन पडलो नाही. 2024च्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मुलीनं मला त्यात ओढलं.

ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. म्हणाली, "अब्बा, मला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा आहे." मी विचारलं, "अभ्यासाला उपयोग होईल ना?" ती म्हणाली, "होईल. पण खोटं कशाला बोलू? खेळायलाच हवा आहे." या सरळ उत्तरापुढे माझं काही चाललं नाही. शिवाय दोन वर्षं शिकवण्या करून तिनं 40,000 रुपये साठवले होते. माझ्या एका संग्रहाला 25,000 रुपयांचा पुरस्कार मिळाला होता. कवितेनं घरात पहिल्यांदाच काही आणलं होतं. तिच्या आईनं भिशीचे 12,000 काढून दिले. 77,000 झाले. आमच्या घरात बोलणं दखनीत आणि हिशेब मराठीत चालतो, त्यामुळे आकडा पक्का होता. त्यापुढे एक रुपयाही नव्हता.

वाद सुरू झाला तो पुढे. मी म्हणत होतो, तयार घे. एक बिल, एक वॉरंटी. बिघडला तर एकाच दाराशी जाऊन भांडायचं. ती म्हणत होती, सुटे भाग आणून मी स्वतः जोडणार.

आम्ही आधी एका दुकानात तयार मशीन बघायला गेलो. काचेचा डबा, आत निळे-तांबडे फिरते दिवे. मी तर हरखलोच. किंमत 74,000, मॉनिटर वेगळा. मुलगी कानाशी म्हणाली, "अब्बा, काच बघू नका. एसएमपीएस कुणाचा आहे ते विचारा." एसएमपीएस म्हणजे घरातली वीज मशीनला हवी तशी करून देणारा डबा. तो हलका निघाला तर जाताना बाकीच्या भागांनाही घेऊन जाऊ शकतो. यादीत नुसते वॉट लिहिले होते, बनवणाऱ्याचं नाव नव्हतं. मेमरीची 16 जीबीची एकच पट्टी होती. 8-8च्या दोन असल्या तर प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी देवघेव करतो आणि गेम अडखळत नाही. विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "आतलं कशाला बघताय? चालतंय की!"

त्या रात्री तिनं वहीत यादी मांडली. प्रोसेसर 11,000, मदरबोर्ड 9,500, मेमरी 3,500, एक टीबीची एसएसडी 5,500, ग्राफिक्स कार्ड 28,000, एसएमपीएस 5,500, कॅबिनेट 4,000. बेरीज 67,000. मॉनिटर 10,000. बरोबर 77,000. गेमच्या मशीनमध्ये पडद्यावरचं चित्र ग्राफिक्स कार्ड काढतं, म्हणून सगळ्यात जास्त पैसा तिथं घालायचा, हे मला त्या वहीवरून कळलं.

मी विचारलं, "सात दुकानांचे सात भाग एकमेकांत बसतील कसे?" मग तिनं मला जो इतिहास सांगितला, तो ऐकण्यासारखा आहे. 1981 साली आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला. घाई होती म्हणून प्रोसेसर इंटेलकडून घेतला, आज्ञाप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून, आणि मशीनची रचना छापून प्रसिद्ध केली. दुसऱ्यांनी तिच्याशी जुळणारी यंत्रं आणि भाग बनवायला सुरुवात केली. पुढे 1995मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं. बोर्डाचे स्क्रू कुठे येणार, त्याचा आकार केवढा, हे त्यात ठरलेलं. म्हणजे साऱ्या आळीतल्या शिंप्यांनी एकच टेप वापरायचा ठरवला म्हणा ना! म्हणून एकाचं बटण दुसऱ्याच्या काजात बसतं. काही मोठ्या कंपन्या मात्र आपल्या तयार मशीनमध्ये स्वतःच्याच मापाचा बोर्ड आणि एसएमपीएस घालतात. पुढे काही बदलायचं झालं तर बाजारातलं त्यात बसत नाही.

हे ऐकताना मला एक शर्ट आठवला.

मी नववीत होतो. ईदच्या आधी अब्बांना चांदरातीपर्यंत मान वर करायला फुरसत नसे. गावाचे कपडे आधी, आमचे सगळ्यांत शेवटी. त्या वर्षी मी हट्ट धरला, मला रेडिमेड शर्ट पाहिजे. शिंप्याच्या पोरानं रेडिमेड मागितला! अब्बा काही बोलले नाहीत. स्वतः मला दुकानात घेऊन गेले, पैसे मोजले. बाहेर आल्यावर फक्त शर्ट उलटा करून त्यांनी आतली शिवण बघितली आणि घडी घालून माझ्या हातात दिला. पुढच्या ईदला माझे खांदे भरले होते. शर्ट अंगात जाईना. अब्बांनी बगलेची शिवण उसवली आणि म्हणाले, "यात माया नाहीच की रे."

शिवताना शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. पोर वाढणार, अंग भरणार, म्हणून ती ठेवायची. वरून ती दिसत नाही. रेडिमेडवाल्याला पोर माहीतच नसतं, तो कुणासाठी ठेवणार?

मुलीच्या यादीत मी मग माया शोधली. मशीनला 300 वॉटच्या आत भागत होतं, एसएमपीएस घेतला 650चा. बोर्डावर मेमरीच्या चार जागा, भरल्या दोनच. मी म्हटलं, चल.

भायखळ्याला माझी बहीण राहते. तिच्याकडे उतरलो आणि ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर दिवसभर फिरलो. फुफी दोघांवरही चिडली, "जेवायला तरी या!" प्रत्येक भागाचं बिल वेगळं, वॉरंटी वेगळी. ती सगळी बिलं मी कवितांच्या फाइलमध्ये लावून ठेवली.

घरी जोडणी सुरू झाली तेव्हा माझ्या छातीत धडधड होती. तिच्या प्रोसेसरच्या पोटाला तेराशेहून जास्त बारीक पिना होत्या. एक वाकडी झाली तर 11,000 पाण्यात. आपल्या हातानं मोडलेल्याला वॉरंटी नसते. तिनं कोपऱ्यातली खूण जुळवली आणि जोर न लावता तो अलगद ठेवला. रात्री अकराला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच. मी म्हणणार होतो, "तरी सांगत होतो." अब्बा त्या दिवशी म्हणाले नव्हते, म्हणून मीही गप्प राहिलो. बोर्डावर मेमरीपाशी एक इवला दिवा पेटला होता. तिनं मशीन बंद करून वायर काढली, पट्ट्या उपसल्या आणि पुन्हा दाबून बसवल्या. खट् आवाज झाला. एक पट्टी अर्धवट बसली होती, एवढंच. पडदा उजळला.

म्हणून सगळ्यांनीच जोडून घ्यावा का? तसं मी म्हणणार नाही. मशीन उद्याच हवं असेल, घरात स्क्रू काढायची हौस कुणाला नसेल, सात बिलं सांभाळणं जमणार नसेल, तर तयार घ्यावं; फक्त उलटं करून आतली शिवण बघावी. बाजारही बघावा. 2021मध्ये ग्राफिक्स कार्डांची टंचाई होती, तेव्हा कार्डासाठी म्हणून लोकांनी अख्खी तयार मशीनं घेतली. 2025च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढली आणि मेमरीचे भाव भडकले. आमची वही आज उघडली तर ती बेरीज जुळायची नाही. अशा वेळी आधीच्या भावात माल भरलेल्या दुकानातलं तयार मशीन स्वस्तही पडू शकतं.

परवा मुलगी म्हणाली, नव्या गेमला 16 जीबी पुरत नाही. मी भाव विचारला आणि दोघंही हसलो. तिनं मशीनचं झाकण लावलं आणि म्हणाली, "राहू दे अब्बा. भाव उतरले की बघू. दोन जागा रिकाम्या आहेत."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)