शब्द नसलेल्या मुलाची तक्रार



शरीराविषयी बोलल्यास मुले बिघडतात, असा धाक घातला जातो. संस्कृतीच्या नावाने झालेल्या ओरडीपुढे नमून महाराष्ट्राने २००७ साली शाळांतील लैंगिक शिक्षण रोखले. त्याच वर्षीच्या केंद्र सरकारच्या पाहणीत ५३ टक्के मुलांनी लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले होते.

२०१५ चा कॉक्रेन आढावा २४ चाचण्यांच्या आधारे सांगतो की, स्वसंरक्षणाच्या शालेय पाठांनी मुलांची जाण वाढते. भीती वाढल्याचा पुरावा नाही. २०१२ चा पोक्सो कायदा आहे; पण ज्या मुलाजवळ अवयवाला शब्दच नाही, ते तक्रार कशी करणार?

मात्र संरक्षणाचे ओझे बालकांवर टाकून मोठ्यांना सुटता येणार नाही. शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मुलांचे ऐकून घेणारी शाळा, ही मागणी कार्यकर्त्यांनी प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीत लावून धरावी.