लेकीला लॅपटॉप कशाला?

मी गारखेड्यातून बोलतेय. सूतगिरणी चौकाच्या आसपासचे काही बचत गट आणि शहराबाहेरच्या खेड्यांतले काही गट मी सांभाळते. तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला हप्त्याची आठवण करून देणारी बाई म्हणूनच ओळखतात. आज हप्त्याचं बोलणार नाही. आज माझी एक चूक सांगणार आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मासिक बैठकीत आमच्या एका ताईंनी चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. कशाला, तर मुलीला लॅपटॉप घ्यायचाय. मुलगी बारावी झालेली, कॉलेजात डिझाइन शिकायला निघालेली. नवरा म्हणतो, मोबाइलवर चित्रं काढायला चार वर्षं घालवायची? मी मदत करायची सोडून त्यांनाच विचारलं, "ताई, शिलाई मशीन घेतली असती तर दोन पैसे तरी आले असते. लॅपटॉपचे कसे येणार?"

कोणी काही बोलेना. मग कोपऱ्यातल्या आमच्या आक्का म्हणाल्या, "मागच्या वर्षी हिच्याच थोरलीच्या लग्नाला साठ हजार दिले. तवा इचारलं का गं, पैसे कसे येणार?"

मी बी. ए. झालेली, आक्का सहीपुरतं लिहिणाऱ्या. पण त्या दिवशी हिशेब त्यांना कळला, मला नाही. कर्ज मंजूर झालं. शेकडा दीड रुपया व्याज, दर महिन्याला हप्ता.

आता हे डिझाइन म्हणजे काय? मलाही वाटायचं, सजावट. तसं नाही. एटीएमचंच बघा. काही मशीन आधी कार्ड परत देतात आणि मग पैसे. का? पैसे हातात पडले की माणूस निघतो आणि कार्ड तिथंच विसरतो. कुणीतरी माणसांचं वागणं बघून हा क्रम ठरवला. भाजीच्या गाड्यावरचा तो बोलणारा डबा बघा. "इतके रुपये मिळाले" असं तो मोठ्यानं सांगतो, म्हणून मावशींना तराजू सोडून मोबाइलमध्ये डोकं घालावं लागत नाही. आपण बटण दाबल्यावर पुढं काय व्हावं, काय दिसावं, काय ऐकू यावं हे ठरवणं म्हणजे इंटरॅक्टिव्ह डिझाइन. फोटो, आवाज, व्हिडिओ, अक्षरं, हलती चित्रं वापरून एखादी गोष्ट लोकांपर्यंत पोचवणं म्हणजे डिजिटल मीडिया. कॉलेजांत दोन्ही बहुतेक हातात हात घालून शिकवतात.

ताईंच्या मुलीची पहिली काही महिने तर हातानं रेघा, अक्षरं आणि रंग यांतच गेली. कॉम्प्युटर नंतर आला. दुसऱ्या वर्षी ती आमच्या बैठकीला आली, तीही लॅपटॉप न घेता. हातात कागद होते. प्रत्येक कागदावर मोबाइलचा एकेक पडदा पेन्सिलीनं काढलेला. गटाच्या बचतीचा हिशेब मोबाइलवर ठेवायचा तर तो कसा दिसावा, हे तिला तपासायचं होतं. ती आक्कांना म्हणाली, "आजी, पैसे भरल्याची नोंद पक्की करायची आहे. कुठं बोट ठेवाल?" आक्कांनी लाल गोलावर बोट ठेवलं. तो होता 'रद्द'चा.

आम्ही हसलो. पोरगी हसली नाही. तिनं विचारलं, "लालच का, आजी?" आक्का म्हणाल्या, "कुंकवाचा रंग. चांगल्या कामाला लालच की."

पोरीनं ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या वेळी आली तेव्हा रंग बदलले होते, पैशांच्या शेजारी नाण्याचं चित्र होतं, आणि नोंद पक्की होण्याआधी आकडा मोठ्यानं वाचला जाईल असं तिनं ठरवलं होतं. या वेळी आक्कांचं बोट बरोबर पडलं.

मैत्रिणींनो, माझ्या मनात त्या दिवशी एक गोष्ट पक्की बसली. बँकेचं ॲप उघडल्यावर आपण गोंधळतो आणि म्हणतो, "मी अडाणी, मला जमत नाही." पण तो पडदा काढणाऱ्यानं आपल्याला कधी विचारलेलंच नसतं. आपल्या घरातली मुलगी तिथं बसली, तर ती विचारेल. तिला आक्का माहीत आहेत.

आणि हे काम आपल्या माणसांनी आधीही केलेलं आहे. कॉम्प्युटरवर मराठी लिहिताना 'मंगल' नावाचं अक्षरवळण तुम्ही ऐकलं असेल. ते र. कृ. जोशी यांनी घडवलं. मुंबईच्या आयआयटीत 1969 साली सुरू झालेल्या औद्योगिक रचना केंद्रात ते शिकवायचे. आज सेतू केंद्रातल्या पडद्यावर आपलं नाव मराठीत दिसतं, त्यामागं अशा माणसांचे हात आहेत.

आता कामाचं सांगते, वही काढा. आपल्या शहरात किलेअर्क भागात शासकीय कला व अभिकल्प महाविद्यालय आहे. तिथं उपयोजित कलेची पदवी चार वर्षांची, आणि प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. एमजीएम विद्यापीठातही डिझाइन शिकवतात. आयआयटीत बी. डेस. करायचं असेल तर 'यूसीड' ही परीक्षा असते. तिला कला, वाणिज्य, विज्ञान कुठल्याही शाखेची बारावीची मुलगी बसू शकते. मुलगी अजून शाळेत असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा चुकवू नका. घरूनच थोडं शिकून बघायचं असेल तर केंद्र सरकारच्या 'स्वयम्' वर अभ्यासक्रम मोफत आहेत, पैसे लागतात ते परीक्षेला.

फीचं. 2024-25 पासून, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकारनं माफ केली आहे. पण प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून हवा, आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत नाही. एससी, एसटी मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत. म्हणून अर्ज भरण्याआधी विचारा, "या अभ्यासक्रमाला, या कॉलेजात सवलत बसते का?"

अजून चार प्रश्न विचारा. पदवी कुठल्या विद्यापीठाची? मागच्या वर्षीच्या मुलामुलींचं काम बघायला मिळेल का? कॉम्प्युटर लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते? पहिल्याच वर्षी लॅपटॉप लागतो का? "तीन महिन्यांत नोकरीची हमी" म्हणणाऱ्या क्लासला घाईनं पैसे देऊ नका. आमच्या ओळखीच्या एका घरानं दिले आणि हातात एक कागद तेवढा आला. महागड्या सॉफ्टवेअरचीही धास्ती नको. ब्लेंडर, इंकस्केप, गिम्प ही फुकट मिळतात आणि त्यांवर चांगलं शिकता येतं.

खोटं बोलणार नाही. ताईंच्या मुलीचं शिक्षण अजून चालू आहे. नोकरी लागेलच असं मी सांगू शकत नाही. हप्ते मात्र वेळेवर येतात. सुट्टीत तिनं आमच्या चटण्यांच्या पुड्यांची लेबलं नव्यानं केली. पूर्वी सगळी लालच होती, आणि वाचता न येणाऱ्या बाईकडून कारळाच्या जागी शेंगदाण्याची पुडी गेल्यानं एक मोठी ऑर्डर परत आली होती. आता कारळाला काळी, जवसाला तपकिरी, शेंगदाण्याला लाल पट्टी. तेव्हापासून पुडी चुकलेली नाही. घरी बाबाही गप्प झालेत. परवा शेजाऱ्यांना लेबल दाखवत होते म्हणे.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एखादी आई लेकीच्या लॅपटॉपसाठी उठली, तर माझ्यासारखं एकदम "कशाला?" म्हणू नका. आधी आक्कांचा प्रश्न आठवा. मुलीला बोलवा, तिचं काम बघा, परतफेड नीट ठरवा आणि मगच हो की नाही ते सांगा.

येते मी. नमस्कार.